दोघांतला एक गप्प

माझ्या घरमालकांना शांततेवर बोलायला फार आवडायचं. सकाळी दूध आणायला खाली उतरलो की जिन्याच्या शेवटच्या पायरीशी ते उभे असायचे आणि माणसाच्या आयुष्यात शांतता किती महत्त्वाची आहे हे मला सांगायचे. सांगून होईपर्यंत दूधवाल्याकडचं दूध संपलेलं असायचं. त्यांचं घर कुंभिवलीला, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. कंटेनर गेला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. समोरच्या टायरवाल्याचा हवेचा पंप दिवसभर धडधडायचा. घाटात शिरण्याआधी हॉर्न नीट वाजतोय ना, हे ट्रकवाले आमच्या दारात एकदा बघून घ्यायचे. यातल्या कशाबद्दलही काकांची तक्रार नव्हती. "तो बाहेरचा आवाज," ते म्हणायचे. "त्याचं आपल्याला काय? घरातला आवाज म्हणजे मात्र आपली चूक."

घर दुमजली होतं. खाली काका-काकू, वर मी. मी जवळच्याच एका कारखान्यात स्टोअरला होतो, एकटा होतो, आणि काका मला 'वरचे' म्हणायचे. "वरचे, जरा खाली या," अशी हाक आली की माझी संध्याकाळ गेली असं मी समजायचो. माझं नाव त्यांनी बहुधा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर ऐकायला ते थांबले असते असं मला वाटत नाही.

खोली बघायला गेलो तेव्हा नोकरी काय, गाव कुठलं, लग्न झालंय का, असलं काहीच त्यांनी विचारलं नव्हतं. मला चपला घालून जिना चढायला लावला, मग चपला काढून चढायला लावला. दाराची कडी स्वतः दोनदा लावून बघितली आणि ती माझ्या हाताने कशी वाजते हे ऐकायला मलाही लावायला सांगितली. सामान घेऊन आलो त्या दिवशी टेंपोतून फ्रिज उतरतोय तोच काका आतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. त्याचं टोक फ्रिजच्या पाठीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले. फ्रिज तेव्हा सुरूसुद्धा नव्हता.

या स्क्रू ड्रायव्हरची हकीकत अशी, की काकांनी उभी हयात खोपोलीच्या एका कागद कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली होती. मशीनच्या अंगाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून, आतलं बेअरिंग कधी जाणार हे ते सांगायचे आणि ते म्हणे खरं ठरायचं. त्यांचे जुने सोबती अजूनही हे सांगतात, आणि सांगताना दारापाशी सरकत असतात, कारण बोलणं निघालंय हे कळलं की काका येतात. रिटायर झाल्यावर मशीन तिकडेच राहिलं, स्क्रू ड्रायव्हर घरी आला. मग पंखा, मिक्सर, माझी स्कूटर, शेजाऱ्याची बोअरवेल, कशालाही तो लागायचा. डॉक्टरांनी एकदा छातीला नळी लावली तर काकांनी त्यांना विचारलं, "काय, घासतंय का कुठे?" आणि नळी स्वतःच्या कानाला लावून घेतल्याशिवाय त्यांची फी दिली नाही.

गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ वारले तेव्हाची गोष्ट तर लोक अजून सांगतात. देवळाच्या सभामंडपात शोकसभा होती. शेवटी सगळे उभे राहिलो, माना खाली घातल्या, दोन मिनिटं स्तब्धता. काकांचा हा सगळ्यात आवडता कार्यक्रम असणार असं मला वाटलं होतं. पहिले काही क्षण बरे गेले. मग माझ्या कानाशी कुजबुज सुरू झाली. "किती छान आहे बघा. अशी शांतता रोज पाळली पाहिजे. घरोघर पाळली पाहिजे. पण डावीकडच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. ऐकू येतंय का तुम्हाला? मला केव्हाचं येतंय." सभा संपली तेव्हा गेलेल्या गृहस्थांचा मुलगा वर पंख्याकडे बघत होता.

काकू या सगळ्याच्या अगदी उलट होत्या. कर्जतच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, लहान चणीच्या, आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांचं वाक्य पुरं व्हायचं, कारण त्या ते काका आंघोळीला गेल्यावर सुरू करायच्या. मी राहायला आलो तेव्हा त्या तांदूळ निवडताना ओव्यांसारखं काहीतरी गुणगुणायच्या. पुढे ते थांबलं. का थांबलं तेही मी ऐकलं होतं. आतून काकांचा आवाज आला होता, "अगं, कशाचा आवाज येतोय बघ जरा."

आता माशांच्या टाकीकडे येतो, कारण सगळं महाभारत तिच्यावरून झालं.

मासे बघितले की ब्लडप्रेशर उतरतं असं काकांना कोणीतरी सांगितलं. दुसरा एखादा माणूस काचेचा गोल वाडगा आणून मोकळा झाला असता. काकांनी हॉलच्या भिंतीला लागून पुरुषभर लांबीची टाकी बसवली. तिच्याखाली लाकडी कपाट, आणि कपाटात दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचा उभा कप्पा. पाणी काठापर्यंत चढलं की कंगव्यासारख्या फटींतून त्या कप्प्यात पडायचं, तिथून पाइपाने खालच्या टाकीत उतरायचं, स्पंजातून गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर ढकलायचा. अष्टौप्रहर हाच फेरा. येणाऱ्याजाणाऱ्याला काका सांगायचे, "हे साठलेलं पाणी समजू नका. वाहतं पाणी आहे. आमच्या घरात नदी आहे, नदी." टाकीत मासेही होते, सोनेरी, गुबगुबीत. त्यांना काकू खायला घालायच्या. काकांचं माशांकडे फारसं लक्ष नसायचं, कारण मासे आवाज करत नाहीत.

आवाज करायचा तो पाइप. पाणी खाली पडताना सोबत हवा ओढून न्यायचं आणि खाली पोचलं की ती सोडून द्यायचं. त्यामुळे हॉलमध्ये कोणीतरी सतत गुळण्या करतंय असं वाटायचं. काका सोफ्यावर बसून त्या आवाजावर बोलायचे. काय चुकलंय, कसं चुकलंय, कारखान्यात असतं तर त्यांनी काय केलं असतं. त्यावरचे व्हिडिओ मोबाइलवर लावायचे, तेही मोठ्याने, कारण पाइपाच्या आवाजात ते ऐकू यायचे नाहीत. काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. मग काका दार उघडून आत सांगायला जायचे.

एके सकाळी काकूंनी पिशवी भरली. मी नेमका पाण्याच्या मोटरचं विचारायला खाली आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. काकूंनी चपला घातल्या, पदर खोचला आणि आंघोळ करून बाहेर आलेल्या काकांना म्हणाल्या, "ह्यो पाइप आनि तुमी, दोगं दिवसभर बडबडता. माजं डोकं उठलंय. दोगांतला येक तरी गप बसला का कळवा, मी येते. तवर ताईकडं हाय."

ताई म्हणजे कर्जतची मोठी बहीण. तिला ऐकायला कमी येतं, त्यामुळे तिच्या घरी बोलणं बेताचं असतं.

काकू सहा आसनी रिक्षात बसून खोपोली स्टेशनकडे गेल्या. काका फाटकाशी उभे राहिले. सहा आसनी वळणाआड गेली तरी उभे होते, आणि त्या वेळी ते खरोखरच काही बोलत नव्हते. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना वरचे? पाइपाचा त्रास होतो तिला." काकूंच्या वाक्यातला स्वतःचा अर्धा भाग त्यांनी कुठे ठेवला देव जाणे. मी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर ते पाइपाच्या व्यासाबद्दल बोलायला लागले होते.

त्या दिवसापासून काकांचं एकच काम. पाइप गप्प करायचा आणि बायकोला घरी आणायचं.

पाइपाला आवाज न करू देण्याच्या ज्या तऱ्हा आहेत त्या सगळ्या मला तोंडपाठ आहेत. कोणाला विचारायच्या असतील तर खुशाल विचाराव्यात. पहिली तऱ्हा, सरळ पाइपाच्या डोक्यावर वाकडी टोपी घालायची. म्हणजे एल्बो लावायचा, पाणी खालून ओढायचं, आणि टोपीला हवेसाठी बारीक भोक ठेवायचं. त्याने गुळण्या थांबल्या आणि बशीतून चहा ओढल्यासारखा आवाज सुरू झाला. मग भोक मोठं केलं, लहान केलं, मेणाने बुजवलं, सुईने पुन्हा पाडलं. प्रत्येक वेळी मला सोफ्यावर बसवून विचारायचे, "आता?" मी म्हणायचो, "कमी झालाय." मग हा कमी म्हणजे नेमका कसला कमी, यावर पुढचा तास जायचा.

फिटिंगला कुंभिवलीचाच बाळाराम प्लंबर यायचा. तो कानात इअरफोन घालूनच दारात शिरायचा आणि जाईपर्यंत काढायचा नाही. काका बोलत राहायचे, बाळाराम मान हलवत राहायचा, आणि त्याच्यासारखा समजूतदार प्लंबर तालुक्यात नाही असं काकांचं मत झालं होतं. एकदा मोबाइलची बॅटरी संपली म्हणून त्याने इअरफोन काढले, तर थोड्या वेळाने जिना चढून वर माझ्याकडे आला. "दादा, चार्जर हाय का रं तुज्याकडं? नायतर मी काम सोडून चाललो."

टोपीनंतर दोन पाइपांची तऱ्हा झाली आणि शेवटी तीन पाइपांची. ती मात्र काकांच्या मनात भरली. पहिला पाइप पूर्ण पाण्याने भरून चालतो. त्यात हवाच शिरत नाही, म्हणून त्याला आवाजही नसतो. त्याच्या खाली व्हॉल्व असतो, तो किंचित आवळून पाण्याची धार नेमकी जुळवायची. दुसरा पाइप थोडा उंच, त्यातून चुकार पाणी काठाने गुपचूप उतरतं. तिसरा सगळ्यात उंच. तो कोरडा उभा राहतो. पहिले दोन तुंबले तरच त्याने पाणी घ्यायचं, म्हणजे घरात पूर येत नाही. "अगदी आमच्या कारखान्यासारखं," काका खूश होऊन म्हणाले. "एक कामगार, एक सुपरवायझर आणि एक साहेब."

व्हॉल्ववरून आणखी काही आठवडे गेले. दांडीचा व्हॉल्व घेतला तर जरासा धक्का लागला की बदाबदा उघडतो, म्हणून तो काढला. गोल चाकीचा बसवला, जो केसभर फिरवता येतो. काका कपाटासमोर चटई टाकून आडवे व्हायचे, स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपाला, मूठ कानाला, आणि दुसऱ्या हाताने चाकी केसभर इकडे, केसभर तिकडे. मग रोज कर्जतला फोन. मोबाइल पाइपाजवळ धरून म्हणायचे, "ऐक. आज किती कमी झालाय बघ." पाइप ऐकवायचा म्हटलं तर गप्प बसायला हवं होतं, पण ते काही जमायचं नाही. व्हॉल्व किती फिरवला, का फिरवला, हे सांगता सांगता फोन पंख्याकडे जायचा. काकूंच्या ताईने पुढे मला सांगितलं, की फोन आला की काकू तो डब्यावर उभा करून ठेवायच्या आणि भाकऱ्या थापायला घ्यायच्या.

खाण्याचे त्यांचे हाल होते. दुपारी हायवेवरचा वडापाव, रात्री मी डाळभात केला तर तो. बाहीचं बटण तुटलेला सदरा त्यांनी तसाच महिनाभर घातला. माशांना खायला घालायचं ते विसरायचे, ते मी घालायचो. कधीकधी जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, "ती असती तर म्हणाली असती, मीठ कमी आहे." मला त्यांची फार दया यायची, आणि पुढच्या वाक्याला मिठाच्या पाण्याच्या टाक्यांचा विषय सुरू झाला की जायची.

आणि एक दिवस पाइप गप्प झाला.

खोटं कशाला बोलू, खरोखर गप्प झाला. पाणी भराभर उतरत होतं आणि काडीचा आवाज नव्हता. मीसुद्धा थक्क झालो. काका मात्र अस्वस्थ होते. तिसऱ्या, कोरड्या पाइपाच्या उघड्या तोंडावरून पंख्याचा वारा गेला की बारीक शिटी वाजते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला काही ऐकू आलं नाही. पंखा बंद करा म्हटलं तर उकडेल म्हणाले. त्यांनी जुन्या बनियनचा बोळा केला आणि त्या पाइपाच्या तोंडात घट्ट कोंबला.

"अहो पण काका, पाणी तुंबलं तर?" मी विचारलं.

"तुंबेल कशाला? साहेबाला काम पडेल अशी वेळ मी येऊच देणार नाही."

गणपती जवळ आले होते. त्यांच्या घरी गौर असते, आणि गौर आणायला घरची सून लागते. काकूंचा निरोप आला, "गौर आणायला येते. गौरीसोबत परत निघनार. दोन दिवस ऐकते, मंग ठरवते." हा निरोप काकांनी मला वाचून दाखवला नाही, अभिनयासह करून दाखवला. बाहीला बटण लावायला त्यांनी सदरा माझ्याकडे दिला. त्यांना सुईत दोरा ओवता येईना.

काकू आल्या, सोबत ताई. अंगणातून हॉलपर्यंत रांगोळीची पावलं काढली. तेरड्याची गौर वाजतगाजत आत आली, नऊवारी नेसून टाकीशेजारी उभी राहिली. काकूंनी टाकीकडे बघितलं, कान दिला. "गप झालाय खरा," एवढंच म्हणाल्या. काकांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता हा माणूस आनंदाने तरी चार क्षण गप्प बसेल. ते लगेच का गप्प झालाय ते सांगायला लागले. जेवणं झाली तरी सांगत होते. काकूंची पिशवी कोपऱ्यात भरलेलीच होती. त्यातून त्यांनी फक्त टॉवेल काढला होता.

दुसऱ्या दिवशी पूजन. दुपारी गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या, पुरुष दारात उभे होते, आणि एवढी माणसं एका वेळी घरात सापडल्यावर काका टाकीला पाठ करून उभे राहिले. बसलेल्यांना उठता येईना, कारण मांडीवर प्रसादाच्या बशा. "तर लक्षात घ्या," काका म्हणाले, "या घरात आत्ता नदी वाहतेय, आणि तुम्हाला तिचा आवाज येत नाही."

मी दारातून बघत होतो. टाकीतलं पाणी काठापाशी जरा जास्तच फुगलेलं दिसलं. मी हात वर केला. काका म्हणाले, "प्रश्न शेवटी."

पाण्यावर काहीतरी हिरवं तरंगत होतं, आणि गुलाबी पाकळ्या. काठावरून एक धार पुढच्या काचेवर उतरली. बायकांमध्ये चुळबुळ झाली. काकू म्हणाल्या, "अहो..."

"थांब गं, आता मुद्द्याचं येतंय."

ताईला भाषण ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांत तिचंच लक्ष ठिकाणावर होतं. ती टाकीकडे बोट दाखवून ओरडली, "पाणी! पाणी!"

"हो, पाण्याबद्दलच बोलतोय मी," काका म्हणाले, आणि पुढे बोलत राहिले.

तोवर धारेचा पडदा झाला होता. पाणी कपाटावरून जमिनीवर, जमिनीवरून सतरंजीखाली, आणि गौरीची रांगोळीची पावलं दाराच्या दिशेने वाहत निघाली. बायका साड्या सावरत उठल्या. सगळ्यात शेवटी पाणी काकांच्या पायाला लागलं. त्यांनी खाली बघितलं, मागे बघितलं, आणि बाही वर सारत कोपऱ्यातल्या कप्प्याकडे वळले.

मी धावत जाऊन पंपाचं बटण बंद केलं. काका कोपऱ्यातल्या कप्प्यात खांद्यापर्यंत हात घालून शोधत होते. दुसऱ्या पाइपातून तेरड्याची पानं निघाली, पाकळ्या निघाल्या, तिसऱ्याच्या तोंडातून त्यांचाच बनियनचा बोळा निघाला. मग त्यांनी खालचा व्हॉल्व खोलला. आवळून ठेवलेल्या त्या फटीत दूर्वांची एक जुडी अडकून बसली होती.

"निर्माल्य सोडलं होतं सकाळी," काकू म्हणाल्या. "निर्माल्य वाहत्या पान्यात सोडायचं. तुमीच सांगत होता ना, घरात नदी हाय."

एरवी उत्तर नसतानाही काकांनी ते दिलं असतं. त्या दिवशी मात्र ते ओल्या जमिनीवर तसेच आडवे झाले, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, पंप सुरू करायची मला खूण केली आणि चाकी फिरवायला लागले. जुळवलेलं सगळं बिघडलं होतं. पाइप आधी ढेकर दिल्यासारखा बोलला, मग गुळण्या सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. बायका पटापटा हळदीकुंकू घेऊन गेल्या. टाकीच्या काठावरून थेंब टपटपत होते, बाहेर कंटेनर जात होते, पाइप घशातून खुळखुळत होता. काकांचे फक्त पाय कपाटाबाहेर दिसत होते, आणि ते पाय एक शब्द बोलत नव्हते.

काकू ओल्या सतरंजीवरून पाट सरकवून गौरीजवळ टेकल्या. पदराने तोंड पुसलं. मग मला म्हणाल्या, "बरं वाटलं रं बाबा. किती दिसांनी घरात गप वाटतंय."

गौरी गेल्या तेव्हा ताई एकटीच कर्जतला परतली. काकूंची पिशवी घरातच राहिली, मात्र आतल्या खोलीतल्या कपाटावर न जाता कोपऱ्यातच. काकांना याचा अर्थ लागला नाही, आणि तो विचारायला त्यांना वेळही नव्हता. ते चटईवर होते. गप्प राहून ऐकल्याशिवाय पाइपाची नेमकी खोड सापडत नाही, हे त्यांना कारखान्यात शिकवलेलं होतं. बोलताना ऐकू येत नाही हे ज्ञान त्यांनी आयुष्यभर फक्त मशीनपुरतं वापरलं, याचा मला अजून राग येतो.

मग एक दिवस त्यांनी तो पुन्हा जुळवला. पाइप गप्प झाला. मला ते वर बसल्या बसल्या कळलं, कारण खालून काकांचा आवाज यायला लागला. आधी काकूंना सांगितलं, मग फाटकाशी जाऊन टायरवाल्याला, मग पुन्हा काकूंना, सुरुवातीपासून. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा काकूंची पिशवी कोपऱ्यातून दारापाशी आली होती. टॉवेल घडी करून वर ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी काकूंचा डबा परत द्यायला खाली गेलो. काका मेणबत्त्या आणायला बाहेर गेले होते, म्हणजे दुकानदारापाशी बोलत उभे होते. पिशवी दारातच. ती ओलांडून आत गेलो, तर काकू कपाटासमोर उकिडव्या बसल्या होत्या. कपाटाचं दार उघडं होतं. त्यांनी आत हात घातला, व्हॉल्वची गोल चाकी धरली आणि मीठ सोडावं तशा चिमटीने ती जराशी फिरवली. पाइप एकदा थबकला आणि खुळखुळायला लागला.

काकूंनी कपाट लावलं, पदराला हात पुसले, आणि मागे वळल्या तर मी.

"काय बघतो रं?" त्या म्हणाल्या. "चहा ठेवू?"

मी हो म्हटलं. तेवढ्यात फाटकापासूनच काका बोलत आत आले. "काय सांगू तुला, त्या दुकानदाराला मी म्हटलं, बाबा रे, शांतता ही विकत..." आणि दारातच थांबले. मान कलती झाली. हातातल्या मेणबत्त्या टेबलावर ठेवायचंही भान राहिलं नाही. ते तसेच हळूहळू कपाटापाशी गेले, चटई ओढली, आडवे झाले.

काकूंनी मला चहा दिला. दारातली पिशवी उचलून आत नेली आणि तिथल्या कपाटावर, पार मागे, ढकलून दिली. मग सुपात तांदूळ घेऊन बसल्या. थोड्या वेळाने त्या गुणगुणायला लागल्या.

चटईवरून काकांचा आवाज आला, "सापडत नाही गं."

"सापडंल," काकू म्हणाल्या. "घाई कोनाला हाय?"

पुढे मी नेरळला घर घेतलं आणि कुंभिवली सुटली. या दिवाळीला काकांना फोन केला. "कोण, वरचे?" म्हणाले, आणि मी कसा आहे हे न विचारता शांततेवर सुरू झाले. हल्लीच्या जगात ती कशी उरली नाही, आपण घरात तरी ती कशी राखली पाहिजे. मी ऐकत होतो, पण कान त्यांच्या मागे लावून. मागे काहीच ऐकू येत नव्हतं. पाइप नाही, भांड्याचा आवाज नाही, काही नाही. काकू कशा आहेत हे विचारायला मी फट शोधत होतो आणि ती मिळत नव्हती. त्यांचं वय झालंय, तब्येत बरी नसते असं मध्ये कोणीतरी म्हणालं होतं.

आणि मग मागे कुठेतरी कपाटाचं दार करकरलं. पाइपाने एक गुळणी केली, मग दुसरी. काका अर्ध्या शब्दावर थांबले. अच्छासुद्धा न म्हणता त्यांनी फोन तसाच खाली ठेवला. तो बंद करायचं ते विसरले होते, म्हणून मला चटई ओढल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने, पाइपाच्या पलीकडून, कोणीतरी गुणगुणत असल्याचाही.